कॅमेरा बदलण्यापूर्वी

प्रस्तावना

घरात एखादी मोठी वस्तू घ्यायची म्हटले की चर्चा सुरू होते. शिवणयंत्र अडखळू लागते, दुचाकी कुरकुरते, भ्रमणध्वनी मंद चालतो, मग कोणीतरी म्हणते, "आता नवीनच घेऊन टाकू." जुन्या वस्तूत नेमके काय उणे आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. प्रस्तुत पाठात लेखिकेने अशाच एका खरेदीचा अनुभव सांगितला आहे. वस्तू आहे कॅमेरा. तुमच्यापैकी पुष्कळांकडे स्वतंत्र कॅमेरा नसेल. भ्रमणध्वनीवरच तुम्ही छायाचित्रे काढत असाल. तरीही हरकत नाही. पाठातील बरेचसे विवेचन त्यालाही लागू पडेल. पाठात काही साधे गणित आहे. ते वाचून सोडून देऊ नका. हाताशी कागद-पेन्सिल घ्या आणि स्वतः करून पाहा.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• अनुभवकथन आणि माहिती यांची सांगड घालणारा लेख समजून घेता येईल;
• एखाद्या दोषाचे कारण शोधण्याची रीत सांगता येईल;
• 'जर–तर' या संबंधाने जोडलेली वाक्ये ओळखून स्वतःच्या लेखनात वापरता येतील.

मूळ पाठ

१

माझा भाचा वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. त्याचे घराणे तिथे चार पिढ्यांपासून नांदते आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती आणि नोकरीच्या ठिकाणी हिंदी असा त्यांचा तिहेरी संसार. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे आठ दिवस राहायला गेले होते. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्याने संगणक माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाला, "मावशी, तू हे फोटो बघ आणि सांग. कॅमेरा बदलू की नको?"

माझा व्यवसाय मराठीच्या अध्यापनाचा. कॅमेऱ्यातले मला काय कळणार, असे कोणीही म्हणेल. परंतु भाच्याच्या आजोळी, म्हणजे माझ्या माहेरी, माझ्या वडिलांचा छोटा स्टुडिओ होता. डार्करूममधल्या लाल दिव्याखाली बसून मी पाढे पाठ केले आहेत. कोऱ्या कागदावर रसायनात हळूहळू उमटत जाणारा चेहरा पाहणे हा माझ्या बालपणीचा सर्वांत मोठा आनंद होता. त्यामुळे आमच्या घराण्यात फोटोचा प्रश्न निघाला की तो माझ्याकडे येतो, मला उत्तर येवो वा न येवो.

भाच्याकडचा कॅमेरा २०१९ साली घेतलेला. कॅननचा ईओएस १५००डी. हा नवशिक्यांसाठी म्हणून विकला जाणारा डीएसएलआर प्रकारचा कॅमेरा. त्याच्यासोबत १८–५५ मिलिमीटरचे भिंग, म्हणजे लेन्स, खोक्यातच मिळते. पहिली दोन वर्षे तो हौसेने वापरला गेला. मग घरात कन्या आली, ती रांगू लागली, धावू लागली, आणि फोटो बिघडू लागले. जवळच्या दुकानात विचारणा केली, तेव्हा तिथल्या विक्रेत्याने सांगितले, "हा शिकाऊ कॅमेरा आहे साहेब, आता फुल फ्रेम घ्या." किंमत लाखाच्या वर. भाच्याने पैसे बाजूला टाकायलाही सुरुवात केली होती.

पण या घाईचे कारण केवळ कन्या नव्हते. मार्गशीर्षात त्याच्या आजींचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले होते. माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या की हा सोहळा करतात. एक पौर्णिमा ते दुसरी पौर्णिमा हे अंतर साडेएकोणतीस दिवसांचे, तेव्हा हजार पौर्णिमा म्हणजे वयाची जवळजवळ एक्याऐंशी वर्षे. आजींना दिव्यांनी ओवाळायचे आणि तो क्षण टिपायचा, ही घरातल्या सर्वांची इच्छा.

आणि त्यामागे एक जुनी सल होती. आजोबा २०२१ साली वारले. भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधू लागले, तर एकही मिळेना. शेवटी एका लग्नातल्या गटाच्या छायाचित्रातून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घ्यावा लागला. तो फोटो आजही दिवाणखान्यात आहे. हार घातला की हाराची फुले स्पष्ट दिसतात आणि आजोबा धूसर.

"आजीच्या बाबतीत असे व्हायला नको," भाचा म्हणाला. त्यापुढे मी काही बोलले नाही. संगणक जवळ ओढला.

२

वडील सांगत, बिघडलेला फोटो फेकू नये, तो काय सांगतो ते ऐकावे. मी भाच्याला म्हटले, "चांगले फोटो नंतर दाखव. आधी बिघडलेले काढ."

पहिला फोटो कन्येचा. दिवेलागणीची वेळ, ती पाटावरून उडी मारते आहे. मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर इतके स्पष्ट, की त्यावरची एकादशी वाचता यावी. मुलीच्या जागी मात्र गुलाबी रंगाचा एक फराटा. दुसऱ्या फोटोत आजी देवापुढे बसलेल्या. त्यात आजी, समई, देव्हारा, सारेच एका दिशेने ओढल्यासारखे पुसट. तिसऱ्यात आजींच्या मागची खिडकीची जाळी सुरेख स्पष्ट आणि आजींचा चेहरा मऊ, लोण्यासारखा.

तिन्ही फोटोंना घरात एकच शब्द होता : "हलला." पण तिन्ही ठिकाणी दोष वेगळा आहे. पहिल्या फोटोत कॅमेरा स्थिर होता, मूल हलले. दुसऱ्यात फोटो काढणाऱ्याचा हात हलला. तिसऱ्यात कोणीच हलले नाही. कॅमेऱ्याने आजींऐवजी खिडकीवर नेम धरला. रोग तीन आणि विक्रेत्याने औषध सांगितले एकच, आणि तेही लाखाचे.

तिसऱ्या दोषाला पैसा लागत नाही. या कॅमेऱ्यात नेम धरण्याचे नऊ बिंदू आहेत. सगळे खुले सोडले तर तो बहुधा जवळचे किंवा ठळक काहीतरी पकडतो. मधला एकच बिंदू निवडावा, तो डोळ्यावर ठेवावा, बटण अर्धे दाबून धरावे, मग चौकट हवी तशी सरकवावी. मधला बिंदू मंद प्रकाशात इतरांपेक्षा अधिक भरवशाचा असतो. भाच्याला सहा वर्षांत हे कोणी सांगितले नव्हते. पुस्तिका खोक्यातच होती, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. (पुस्तिका न वाचण्याचा दोष केवळ त्याचाच आहे असे नाही. माझ्या धुलाईयंत्राची पुस्तिकाही मी अद्याप उघडलेली नाही.)

दुसरा दोषही बराचसा सवयीचा आहे. कोपरे अंगाशी धरावीत, भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला टेकावे. शिवाय सोबतच्या लेन्समध्ये हाताचा कंप सावरणारी यंत्रणा असेल, तर तिचे बटण चालू आहे ना, ते पाहावे. ते बंद होते! कोणी केले, कधी केले, याचा शोध लागला नाही. कन्येवर संशय आहे.

उरला पहिला दोष. हात सावरणारी यंत्रणा धावत्या मुलाला सावरू शकत नाही. त्यासाठी शटर लवकर मिटले पाहिजे. आणि शटर लवकर मिटायचे, तर तेवढ्या अल्प वेळात पुरेसा प्रकाश आत आला पाहिजे. म्हणजे खरा प्रश्न प्रकाशाचा होता.

पाठगत प्रश्न १
(अ) घरातील सर्व जण "हलला" या एकाच शब्दाने कोणते तीन दोष सांगत होते?
(आ) कॅलेंडर स्पष्ट आणि मुलगी पुसट यावरून लेखिकेने काय ओळखले?
(इ) 'सल' या शब्दाने आजोबांच्या फोटोविषयीची कोणती भावना व्यक्त होते?

३

प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा काही आकडे लिहून ठेवतो. उडी मारणाऱ्या कन्येच्या फोटोचे आकडे असे होते : शटर एक पंधरांश सेकंद, छिद्र एफ ५.६, आयएसओ १६००.

एक पंधरांश सेकंद ऐकायला फार थोडा वाटतो. पण अडीच वर्षांचे मूल उडी मारताना एवढ्या वेळात बरेच सरकते. खेळत्या मुलासाठी निदान एकशेपन्नासांश सेकंद हवा, आणि जोरात पळणार असेल तर त्याच्याही अर्धा किंवा तिसरा हिस्सा. म्हणजे आपल्याला दहापट प्रकाश हवा. तो कुठून आणायचा?

आयएसओ हा आकडा वाढवला की कॅमेरा मिळालेला प्रकाश अधिक वाढवून दाखवतो. मात्र चित्रात दाणे दिसू लागतात. भाच्याला कोणीतरी सांगून ठेवले होते, की १६०० च्या वर जाऊ नये. हा नियम कोणी केला हे कळत नाही. ३२०० केले तर शटर तिसांश सेकंदावर येते, ६४०० केले तर साठांशावर. दाणे असलेला स्पष्ट चेहरा आणि दाणे नसलेला फराटा यांत निवड करायची असेल, तर मी डोळे मिटून पहिला घेईन. आमच्या स्टुडिओतल्या जुन्या फोटोंत दाणे असतच. कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

आता छिद्राकडे वळू. लेन्सच्या आतले छिद्र किती उघडते, हे 'एफ' च्या अंकाने सांगतात. यात एक गंमत आहे : अंक लहान, तितके छिद्र मोठे. खोक्यातली १८–५५ ची लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. याउलट ५० मिलिमीटरची, झूम न होणारी एक साधी लेन्स मिळते. ती एफ १.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ ने भागा. उत्तर ३.१ येईल. छिद्र क्षेत्रफळाने प्रकाश घेते, म्हणून या संख्येचा वर्ग करा. ९.६ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहापट! जो एक पंधरांश सेकंद होता, तो त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, आयएसओ न वाढवता एकशेपन्नासांशाच्या जवळ जाईल.

आता विक्रेत्याच्या 'फुल फ्रेम' चे गणित मांडू. प्रकाश ज्या पट्टीवर पडतो तिला सेन्सर म्हणतात. भाच्याच्या कॅमेऱ्यातला सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आणि १४.९ उंच, म्हणजे सुमारे ३३२ चौरस मिलिमीटर. फुल फ्रेमचा ३६ बाय २४, म्हणजे ८६४. भागाकार केला तर २.६ पट. मोठा सेन्सर तितका जास्त प्रकाश गोळा करतो आणि दाणे कमी दिसतात, हे खरे आहे. पण लाखभर रुपयांत अडीचपट, आणि दहा हजारांच्या आसपास मिळणाऱ्या लेन्समध्ये दहापट!

भाचा म्हणाला, "मग नव्या कॅमेऱ्यात काहीच अर्थ नाही?"

असे म्हणणे अन्यायाचे होईल. आजचे मिररलेस कॅमेरे माणसाचा डोळा स्वतः ओळखतात आणि तो धावत असला तरी त्याच्यावरचा नेम सोडत नाहीत. ही मोठी सोय आहे. मूल मैदानावर खेळू लागले, त्याचे सामने टिपायचे असले, तर मी स्वतःच "बदल" म्हणेन. पण ज्या घरात नऊ बिंदूंपैकी एकही निवडलेला नाही आणि कंप सावरणारे बटण बंद आहे, तिथे नवा कॅमेरा जुन्याच सवयी घेऊन घरात येईल.

मेगापिक्सेलचेही तसेच. या कॅमेऱ्यात २४ मेगापिक्सेल आहेत, म्हणजे सुमारे दोन कोटी चाळीस लाख बिंदू. नेहमीचा ६ बाय ४ इंची फोटो दर इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने छापायचा, तर १८०० गुणिले १२००, म्हणजे साडेएकवीस लाख बिंदू पुरतात. वहीच्या मोठ्या पानाएवढा, ए-फोर आकाराचा फोटो भिंतीवर लावायचा असेल, तरी ८७ लाख. आजोबांचा फोटो धूसर आला तो बिंदू कमी असलेल्या कॅमेऱ्यामुळे नव्हे. मूळ चित्र कोणाच्या तरी भ्रमणध्वनीसोबत गेले होते. घरात होती ती व्हॉट्सॲपवरून आलेली, आकार आक्रसलेली प्रत, आणि तिच्यातही आजोबा मागच्या रांगेत, तांदळाच्या दाण्याएवढे.

४

इथपर्यंत आम्ही दोघेच बोलत होतो. सूनबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "मावशी, त्या लेन्समध्ये झूम नाही म्हणता. मग आमच्या एवढ्याशा खोलीत बारा माणसे कशी मावणार?"

प्रश्न नेमका होता, आणि मला तो सुचला नव्हता. पुन्हा कागद घेतला. या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर तीन मीटरवरून जेमतेम एक मीटर चौतीस सेंटिमीटर रुंदीचा भाग दिसतो. त्यात तीन माणसे दाटीवाटीने बसतील. दोन मीटरवरून तर नव्वद सेंटिमीटरदेखील नाही. एक चेहरा, फार तर दोन. जुन्या लेन्सला १८ वर ठेवले, तर त्याच तीन मीटरवरून पावणेचार मीटर दिसते. म्हणजे गटाच्या फोटोला जुनीच लेन्स हवी.

सूनबाईंनी त्यावर जो उपाय काढला, तो मला अत्यंत आवडला. त्यांनी जुनी लेन्स ५५ वर फिरवली, तिथे चिकटपट्टी लावली आणि आठवडाभर झूमला हात न लावता फोटो काढले. एका पैशाचा खर्च नाही. स्वयंपाकघरात त्यांची पाठ सारखी भिंतीला टेके. तिथे ही लेन्स निरुपयोगी. पण गच्चीवर, ओसरीत, आजी खिडकीशी वाती वळत बसतात तिथे चौकट अगदी हवी तशी येई. आठवड्याच्या शेवटी त्या म्हणाल्या, "चेहऱ्यांसाठी घेऊ या. घोळक्यासाठी जुनी आहेच."

आणखी एक धोका मी त्यांच्या कानावर घातला. छिद्र पूर्ण उघडले की स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद होतो. एफ १.८ वर, दोन मीटर अंतरावरून, तो सुमारे अकरा सेंटिमीटरांचा असतो. आजींचा डोळा स्पष्ट आणि पुढे धरलेले तबक पुसट, असे होणारच. दोन माणसे मागे-पुढे उभी असतील, तर त्यांतले एक रुसणार. तेव्हा प्रकाश बरा असेल तिथे छिद्र थोडे मिटावे, एफ २.८ वर हा पट्टा दीडपट होतो.

लेन्स पुढे वाया जाईल का, ही भाच्याची शंका. कॅननने २०१८ मध्ये नव्या मिररलेस मालिकेसाठी वेगळ्या जोडणीच्या लेन्स आणल्या. पण या मालिकेच्या कॅमेऱ्यांवर जुन्या ईएफ लेन्स एका जोडकड्याने बसतात. उद्या फुल फ्रेम कॅमेरा घेतलाच, तर ५० ची ही लेन्स त्यावर पूर्ण कामाची राहील. गंमत अशी, की खोक्यातली १८–५५ ची लेन्स मात्र तिथे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरू शकेल; ती लहान सेन्सरसाठीच घडवलेली आहे. म्हणजे नव्या कॅमेऱ्याबरोबर नवी लेन्सही आलीच. दुकानातल्या हिशेबात ही ओळ नव्हती.

पाठगत प्रश्न २
(अ) सूनबाईंनी लेन्स विकत घेण्यापूर्वी तिची परीक्षा कशी केली?
(आ) ५० मिलिमीटरच्या लेन्सचे दोन फायदे आणि दोन मर्यादा पाठाच्या आधारे लिहा.
(इ) 'दुकानातल्या हिशेबात ही ओळ नव्हती' या वाक्यातून लेखिका काय सुचवते?

५

निघायच्या आदल्या रात्री आजींनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तीत सहा सेंटिमीटर चौरस, काठ पिवळे पडलेले, कृष्णधवल फोटो होते. आजोबांकडे आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता. तो वडोदऱ्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होई. १२० क्रमांकाच्या रोलवर बारा फोटो निघत. तेरावा काढायची सोय नाही. कमाटीबागेत उभ्या असलेल्या तरुण आजी, कडेवर मूल, डोळे उन्हाने बारीक झालेले. मागे कारंजे. फोटो १९७२ चा. चेहरा असा स्पष्ट, की कपाळावरच्या कुंकवाची कड मोजून घ्यावी. या कॅमेऱ्याला ना झूम, ना नेमाचे बिंदू. होते ते भरपूर ऊन आणि बाराच फोटो असल्याची जाणीव.

आम्ही सगळी पेटी पाहिली. आजी होत्या, मुले होती, शेजारी होते, एक गायही होती. आजोबा एकाही फोटोत नव्हते.

"ते कसे असतील?" आजी म्हणाल्या. "कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा. मी एकदा मागितला, तर म्हणाले, रोल वाया जाईल."

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने संगणकावर आपल्या कन्येचे सगळे फोटो एकामागून एक सरकवले. जन्मापासूनचे. मावळतीच्या उन्हातले, पाळण्यातले, बारशाचे. तिच्यासोबत आई होती, पणजी होती, शेजारची मुले होती. तो स्वतः जेमतेम चार-पाच फोटोंत, तेही बारशाला आलेल्या व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी निघण्यापूर्वी, त्याने कॅमेरा सूनबाईंच्या हातात दिला आणि मधला बिंदू कसा निवडायचा ते दाखवले. त्या म्हणाल्या, "हे मला येते. आठ दिवस चिकटपट्टी लावून मीच काढत होते ना?" तोवर आजींनीही हात पुढे केला होता.

मला वाटते, कॅमेरा बदलण्याचा विचार खऱ्या अर्थाने तिथे मिटला. महागडी, नवी, अनेक बटणांची वस्तू घरात आली असती, तर ती पुन्हा एकाच माणसाच्या हाती राहिली असती. जुना कॅमेरा पडला-झडला तरी चालेल, या विश्वासाने आता तो तिघांच्या हातांत जाणार होता.

नवी ५० ची लेन्स घेतली. उरलेल्या पैशांतून एक हार्ड डिस्क घेतली आणि सगळे फोटो तिच्यावर उतरवले. एक प्रत सूनबाईंच्या माहेरी, इंदूरला ठेवली. आजोबांच्या फोटोचे मूळ शोधण्यासाठी त्या लग्नातल्या सगळ्या नातेवाइकांना निरोप धाडले. ते अजून मिळालेले नाही.

सहस्रचंद्रदर्शनाला मी पोहोचले तेव्हा ओवाळण्याची तयारी झाली होती. फ्लॅश वापरायचा नाही, हे आधीच ठरले होते. समोरून फेकलेला पांढरा उजेड दिव्यांचा सोनेरीपणा पुसून टाकतो. दोन्ही ट्यूबलाइट चालू ठेवल्या होत्या, आयएसओ ३२०० वर. सर्व नातेवाइकांचा फोटो सकाळीच अंगणातल्या उन्हात, जुन्या लेन्सने काढून झाला होता. भाचा स्वतः आजींच्या शेजारी, कन्येला मांडीवर घेऊन बसला. कॅमेरा सूनबाईंकडे.

त्या संध्याकाळचे निम्म्याहून अधिक फोटो बिघडले. काहींत तबक स्पष्ट आणि आजी पुसट, काहींत कन्येचे फक्त केस. एका फोटोत मात्र दिव्यांचा उजेड खालून आजींच्या चेहऱ्यावर आला आहे, सुरकुती न् सुरकुती दिसते आहे, कन्या फुंकर घालायला ओठ पुढे करून वाकली आहे आणि तिला मागे ओढणारा भाच्याचा हात चौकटीत आहे. चेहरा अर्धाच आला आहे. पण तो आहे.

शब्दार्थ

सल – मनात राहिलेली बोच
फराटा – रंगाचा ओढला गेलेला पट्टा
धूसर – अस्पष्ट
तबक – ओवाळण्याचे ताट
ओसरी – घराच्या पुढील बाजूची मोकळी, छप्पर असलेली जागा
आक्रसणे – आकाराने लहान होणे
कृष्णधवल – काळ्या-पांढऱ्या रंगातील

भाषाभ्यास

पुढील वाक्य वाचा : 'शटर लवकर मिटायचे, तर तेवढ्या अल्प वेळात पुरेसा प्रकाश आत आला पाहिजे.' या वाक्यात एक गोष्ट घडण्यासाठी दुसरी गोष्ट आवश्यक आहे, असे सांगितले आहे. अशा वाक्यांत 'जर' आणि 'तर' ही संकेतबोधक उभयान्वयी अव्यये येतात. मात्र मराठीत 'जर' बरेचदा गाळले जाते. 'तर' क्वचितच गाळले जाते. वरील वाक्यात 'जर' कुठे बसेल ते पाहा.

आता हे वाक्य पाहा : 'नवा कॅमेरा घेतला असता, तर तो एकाच माणसाच्या हाती राहिला असता.' इथेही 'तर' आहे, परंतु गोष्ट घडलेलीच नाही. क्रियापदाच्या 'असता' या रूपाने ते कळते. निर्णय घेताना आपण पहिल्या प्रकारची वाक्ये बोलतो. निर्णय झाल्यावर मागे वळून पाहताना दुसऱ्या प्रकारची. पाठातून दोन्ही प्रकारांची प्रत्येकी दोन वाक्ये शोधून वहीत लिहा.

स्वाध्याय

१. भाच्याला नवा कॅमेरा घ्यावासा वाटण्याची कारणे तुमच्या शब्दांत लिहा. त्यांतले कोणते कारण तुम्हांला सर्वांत प्रबळ वाटते आणि का?
२. तिसऱ्या भागातील गणित पुन्हा करा. लेन्सचे छिद्र एफ ५.६ ऐवजी एफ २.८ असते, तर प्रकाश किती पट मिळाला असता?
३. 'नवा कॅमेरा जुन्याच सवयी घेऊन घरात येईल' या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? तुमच्या घरातील एखाद्या वस्तूचे उदाहरण देऊन चर्चा करा.
४. आजी आणि आजोबा यांच्यात १९७२ साली कॅमेऱ्यावरून झालेला संवाद कल्पनेने आठ ते दहा ओळींत लिहा.
५. उपक्रम : तुमच्या घरातील जुनी छायाचित्रे काढा. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने स्थळ, वर्ष आणि माणसांची नावे लिहा. कोणत्या व्यक्तीची छायाचित्रे सर्वांत कमी आहेत ते शोधा आणि या आठवड्यात त्या व्यक्तीचे एक छायाचित्र काढा.